हायस्कूलमध्ये परदेशातून आलेली मुलं आणि आपण विषयशिक्षक

रसायनी

मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. आमच्याकडे वर्षाच्या कुठल्याही महिन्यात, अगदी परीक्षा तोंडावर असतानासुद्धा, परदेशातून नुकतीच आलेली मुलं दाखल होतात. १४, १५, १६ वर्षांची. इथले बरेच जण वेगवेगळ्या देशांत शिकवतात, काहींची स्वतःची मुलं नेमकी याच वयात देश बदलून गेली आहेत. म्हणून हा धागा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे भांडायला सोपं जाईल. ही मुलं भाषेच्या शिक्षकांच्या खात्यात जमा आहेत असं आपण विषयशिक्षक धरून चालतो. 'आधी भाषा येऊ दे, मग माझ्याकडे पाठवा.' पहिली-दुसरीतल्या मुलाच्या बाबतीत हे एक वेळ खपून जाईल. सोळाव्या वर्षी आलेल्या मुलीला वाट बघायला वेळच नसतो. शाळा संपायला जेमतेम दोन वर्षं उरलेली, आणि तेवढ्यात भाषाही शिकायचीय आणि पेशी, मूलद्रव्यं, समीकरणंही. दिवसाचे बहुतेक तास ती आपल्यासमोर बसलेली असते. भाषा तिथे शिकायला मिळाली नाही तर मिळणार कुठे?

दुसरं म्हणजे, मूल गप्प असतं तेव्हा सगळ्यांचं लक्ष असतं. ते बोलायला लागलं की खरा घोटाळा होतो. वर्ष-दीड वर्षात पोरगं मधल्या सुट्टीत टाळ्या देत गप्पा मारतं, विनोद करतं, एखादी शिवीसुद्धा नीट हासडतं. आपण म्हणतो, आली भाषा! जादा तास बंद, सवलत बंद. कॅनडातले संशोधक जिम कमिन्स यांनी १९७९ साली हा फरक मांडला होता: रोजच्या बोलण्याची भाषा वेगळी आणि पुस्तकाची, परीक्षेची भाषा वेगळी. पहिली साधारण २ वर्षांत अंगवळणी पडते. दुसरीत बरोबरीच्या मुलांना गाठायला ५ ते ७ वर्षं लागतात. आता हा हिशोब सोळाव्या वर्षी आलेल्या मुलीला लावून बघा. मग प्रयोगवहीत तीच पोरं दोन ओळींवर अडकतात आणि शेरा पडतो, 'क्षमता आहे, मेहनत नाही'.

मी काय करते ते सांगते. आपली नेहमीची पद्धत म्हणजे आधी धडा वाचायचा, मग समजावायचं, शेवटी प्रयोग. नवीन मूल पहिल्या दहा मिनिटांतच बुडतं. मी क्रम उलटा केला. आधी परीक्षानळी हातात. एका नळीत सौम्य आम्ल, दुसरीत जरा तीव्र, दोन्हींत मॅग्नेशियमची फीत. बुडबुडे कुठे जोरात येतात ते बघा आणि शेजाऱ्याला सांगा. बोटं दाखवून सांगितलं तरी चालेल. त्यानंतर फळ्यावर मी अर्धं वाक्य लिहिते: 'जेव्हा ___ वाढतं, तेव्हा ___, कारण ___.' जागा त्यांनी भरायच्या. धडा त्यानंतर उघडायचा. तोवर त्यातलं निम्मं डोळ्यांनी बघून झालेलं असतं. काही आठवड्यांनी वाक्याचा शेपटाकडचा भाग मी देत नाही, मग हळूहळू काहीच देत नाही. गंमत म्हणजे इथेच जन्मलेली पोरंही 'कारण' या शब्दानंतर काहीतरी लिहायला लागली, जी आधी 'बुडबुडे आले' यावर वही मिटायची.

आणि प्रश्नातली क्रियापदं! वर्णन करा, स्पष्ट करा, तुलना करा, मूल्यमापन करा. मुलाला उत्तर येत असतं, पण त्या उत्तराचं नेमकं काय करायचं ते कळत नाही. प्रत्येकाचं एकेक सोडवलेलं उदाहरण मी वहीच्या आतल्या पानावर चिकटवून देते.

तुमच्याकडे काय चालतं? 'प्रेमाने वागा' छापाचे सल्ले नकोत, ते ठाऊक आहेत.

---

तिरकस

लेख चांगला, पण तीस पोरांचा वर्ग, अभ्यासक्रम संपवायची घाई आणि वर दर तासाला वाक्यांचे सांगाडे? हे चमच्याने भरवणं झालं. माझ्या वर्गात सगळ्यांना एकच पुस्तक, एकच पेपर, एकच मोजपट्टी. याला मी न्याय म्हणतो. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही.

---

वाचनवेल्हाळ

तिरकसराव, तुमचा हाच मुद्दा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात जाऊन आलाय. १९७४ चा लाऊ विरुद्ध निकोल्स खटला. सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांमध्ये इंग्रजी न येणारी सुमारे १,८०० चिनी वंशाची मुलं कुठल्याही जादा मदतीविना वर्गात बसत होती. शाळांचं म्हणणं तुमच्यासारखंच: सगळ्यांना तेच शिक्षक, तीच पुस्तकं देतोय की! न्यायालय एकमताने म्हणालं की ज्याला भाषाच कळत नाही त्याला तेच पुस्तक देणं म्हणजे समान वागणूक नव्हे. त्या मुलांना अर्थपूर्ण शिक्षणापासून बाहेर ठेवल्यासारखंच ते आहे.

सांगाड्याबद्दल म्हणाल तर रसायनीताई तो काढूनही घेतात, ते तुम्ही वाचलं नाहीत. आयुष्यभर ठेवला तर तुमचं म्हणणं खरं.

---

बीजगणित

गणितवाला बोलतोय. आमच्या विषयाबद्दल एक गोड गैरसमज आहे की आकड्यांना भाषा नसते. त्यामुळे नवीन मुलाला पहिल्या दिवशी गणितात ढकलून देतात, 'तिथे जमेल त्याला'.

एका मुलाचे पेपर मी तपासत होतो. १,५ ला तो दीड म्हणत होता आणि १.५०० ला दीड हजार. जगातल्या कितीतरी देशांत दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात आणि हजारासाठी टिंब. त्याने काहीही चुकवलं नव्हतं. भागाकाराची मांडणीही अशीच. काही देशांत भाजक उजवीकडे लिहितात, मधल्या वजाबाक्या तोंडीच करतात आणि कागदावर फक्त उरलेली संख्या येते. आपल्याला वाटतं पायऱ्या गाळल्या किंवा शेजारचं बघून लिहिलं. कापले गुण! तारखांचंही तेच, आधी दिवस की आधी महिना.

म्हणून नवीन मूल आलं की मी पहिल्या आठवड्यात एक पान देतो ज्यात शब्द जवळजवळ नसतातच. नुसती समीकरणं, आकृत्या, एखादा आलेख. आणि म्हणतो, तुझ्या जुन्या शाळेत जसं करायचास तसंच कर. या एका पानाने कितीतरी मुलं खालच्या तुकडीतून वाचली आहेत. शाब्दिक उदाहरण वाचता येत नाही म्हणून वर्गमुळं येणाऱ्या मुलाला अपूर्णांक शिकवत बसायचं, हा त्याचा अपमान आहे. पंधरा वर्षांच्या मुलाला तो बरोबर कळतो.

शाब्दिक उदाहरणांत मी एकच करतो. गणित तेवढंच अवघड ठेवायचं आणि गोष्ट छोटी करायची. कोण कुठल्या जत्रेला गेलं नि तिथे काय घेतलं, हा सगळा पाल्हाळ उडवायचा.

---

शेवटचा बाक

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं, याच धाग्यासाठी. मी शिक्षक नाही. मी तो मुलगा आहे. पंधराव्या वर्षी आई-बाबांबरोबर दुसऱ्या देशात गेलो आणि कितीतरी महिने वर्गात तोंड उघडलं नाही. कळत होतं बरंच. पण वाक्य मनात जुळवून होईपर्यंत वर्ग पुढच्या प्रश्नावर गेलेला असायचा.

एका इतिहासाच्या बाईंनी फार साधी गोष्ट केली. तास संपल्यावर जाता जाता म्हणाल्या, 'उद्या मी तुला हा एक प्रश्न विचारणार आहे.' प्रश्न कागदावर लिहून दिला. मी रात्रभर ते उत्तर घोकलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाकीच्यांसारखंच सहज विचारलं आणि मी सांगितलं. कुणाला काही कळलं नाही. माझी पत राहिली. पुढे काही महिने हे आमचं गुपित चालू होतं.

नकोसं काय वाटायचं तेही सांगतो. नकाशा उघडला की 'आता तू सांग तुमच्याकडे कसं असतं'. अहो, मी पंधरा वर्षांचा होतो, राजदूत नव्हे. त्या वयात एकच इच्छा असते, की कुणी आपल्याकडे बघू नये. मला हवं तेव्हा मी सांगेन, ती सोय असू द्या. पण हात वर न करणाऱ्याला उभं करू नका.

आणि तो 'सोबती' प्रकार. माझी भाषा येणारा एक मुलगा वर्गात होता, त्याला माझ्याशेजारी बसवलं. वर्षभर! तो बिचारा सगळ्या तासांना भाषांतर करून थकला, त्याचे स्वतःचे गुण घसरले, शेवटी माझ्याशी बोलेनासा झाला. सोबती द्या, पण पाळीपाळीने, थोडे दिवस आणि त्याला विचारून.

---

रसायनी

शेवटचा बाक, आदल्या दिवशी प्रश्न देण्याची युक्ती उद्यापासून माझी.

तुम्ही म्हणता तो 'वाक्य जुळेपर्यंत वर्ग पुढे' हा प्रकार मोजलेला आहे. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी १ सेकंद थांबतात आणि मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देतात. थांबणं ३ सेकंदांपर्यंत नेलं की उत्तरं लांबतात, जास्त मुलं बोलतात. ३ सेकंद ऐकायला काहीच नाहीत, पण वर्गात प्रत्यक्ष थांबून बघा, जीव कासावीस होतो. आणि ही गोष्ट मातृभाषेत शिकणाऱ्या मुलांची. दुसऱ्या भाषेत विचार करणाऱ्याला त्याहून जास्त द्यायला हवेत.

---

मृदगंध

मी शाळेत समुपदेशक आहे. इथे सगळं भाषेवर चाललंय म्हणून थोडं वेगळं लिहिते.

किशोरवयात आलेली कितीतरी मुलं आई-वडिलांबरोबर आलेली नसतात, आई-वडिलांकडे आलेली असतात. हा फरक शिक्षकांच्या लक्षात येत नाही. आधी वडील जातात, मग आई, मूल आजीकडे. सात-आठ वर्षांनी त्याला बोलावून घेतात. आजीला सोडून आलेलं पोर एका अनोळखी घरात येतं, तिथे नवी भावंडंही जन्मलेली असतात. अमेरिकेत कॅरोला आणि मार्सेलो सुआरेझ-ओरोस्को यांनी परदेशातून आलेल्या सुमारे ४०० मुलांचा ५ वर्षं मागोवा घेतला होता. त्यांतली ८५ टक्के मुलं देश बदलण्याच्या काळात आई किंवा वडिलांपासून, किंवा दोघांपासून, कधी ना कधी दूर राहिलेली होती. हे अपवाद नाहीत, बहुसंख्य आहेत.

आता यावर आपला आवडता गृहपाठ ठेवून बघा: 'तुमचा वंशवृक्ष काढा, फोटो चिकटवा.' 'माझं लहानपण.' एक मुलगी कोरा कागद देऊन गेली म्हणून माझ्याकडे पाठवली होती. शिक्षिका वाईट नव्हती, तिला कल्पना नव्हती इतकंच. मी एवढंच सुचवलं की विषयाला पर्याय ठेवा. कुटुंबाबद्दल लिहा किंवा तुम्हाला नीट येणाऱ्या एखाद्या कामाबद्दल लिहा. त्या मुलीने शिवणयंत्राचा दोरा कसा ओवायचा यावर दीड पान लिहिलं.

वर्गात झोपणाऱ्यांबद्दल: शिक्षेआधी विचारा. संध्याकाळी काम करणारी, धाकट्यांना सांभाळणारी मुलं असतात. पण 'तुम्ही इथे कसे आलात, कागदपत्रं आहेत का' हे कुतूहलापोटीसुद्धा विचारू नका, निबंधातून काढून घेऊ नका. अमेरिकेत तर १९८२ च्या प्लायलर विरुद्ध डो निकालाने कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही सरकारी शाळेचं मोफत शिक्षण नाकारता येत नाही. बाकीच्या देशांत नियम वेगवेगळे असतील, शिक्षकाला या माहितीची गरज मात्र कुठेच नसते.

---

तिरकस

मृदगंध, वंशवृक्षाचा मुद्दा पटला. खरंच डोक्यात आला नव्हता.

पण एक खरी अडचण सांगतो. माझ्या वर्गात एकाच देशातली पाच पोरं आहेत. ती एकत्र बसतात आणि आपल्याच भाषेत बोलतात. मला शष्प कळत नाही. शाळेत काही जणांचं म्हणणं आहे, सरळ बंदी घाला. मी अजून घातलेली नाही, पण मोह होतो.

---

वाचनवेल्हाळ

बंदी नका घालू. पहिलं कारण म्हणजे ती पाळली जात नाही आणि तुम्ही पोलीस होऊन बसता.

दुसरं कारण अभ्यासाचं. पंधरा वर्षांचं मूल कोरी पाटी घेऊन येत नाही. प्रकाशसंश्लेषण, क्रांती, त्रिकोणमिती त्याला माहीत असतं, फक्त दुसऱ्या भाषेत. वर रसायनीताईंनी ज्यांचा उल्लेख केला त्या कमिन्सचंच म्हणणं आहे की एका भाषेत पक्की झालेली समज दुसरीत उपयोगी पडते, परत मुळापासून शिकवावी लागत नाही. ते दार आपणच बंद करायचं आणि मग मूल मागे पडलं म्हणायचं? स्वीडनमध्ये १९७० च्या दशकापासून शाळेत मातृभाषा शिकवण्याची सोय आहे, शिवाय नवीन मुलांना विषय समजण्यासाठी त्यांच्या भाषेत मार्गदर्शन देण्याचीही. ते काही लाड करायचे म्हणून नाही.

मी भाषा शिकवते तरी पहिला कच्चा खर्डा हव्या त्या भाषेत लिहू देते. गटात चर्चा त्यांच्या भाषेत, पण वर्गासमोर जे मांडायचं ते नव्या भाषेत. तुमच्या पाच जणांना असंच सांगा: आपसात कसंही बोला, दहा मिनिटांनी मला तीन वाक्यं हवीत. काय बोलत होते ते आपोआप कळतं. हां, त्या पाचांत सहावा कुणी बसलेला असेल आणि त्याला वगळायला भाषा वापरली जात असेल तर ते टोका. तिथे प्रश्न वागण्याचा आहे.

आणि बाक बदला हो अधूनमधून. सारखी तीच पाच जणं एकत्र बसली तर नवी भाषा बोलायला समोर माणूसच नाही.

---

दोन पोरांची आई

पालकांची बाजू कुणीच लिहिली नाही म्हणून लिहिते. आम्ही आलो तेव्हा मोठी १४ ची होती.

शाळेतून आम्हाला प्रेमाने सल्ला मिळाला, घरीही नवीच भाषा बोला, लवकर येईल. मला स्वतःला ती भाषा धड येत नव्हती. चौदा वर्षांच्या मुलीशी मी तुटक्या भाषेत काय बोलणार, जेवलीस का, झोप आता? त्या वयात ज्या गोष्टी बोलायला हव्यात त्या सगळ्या राहून गेल्या असत्या. आम्ही तो सल्ला कानाआड केला. शिक्षक मंडळींनो, तो देऊ नका. घरी वाचा, बोला, भांडा, पण ज्या भाषेत भरभरून बोलता येतं त्या भाषेत.

पालकसभेला दुभाषी म्हणून मुलीलाच बसवलं. तिच्याच गुणांची चर्चा! शिक्षक तीन मिनिटं बोलले, तिने मला एका वाक्यात सांगितलं, 'सगळं ठीक आहे म्हणतात.' आता हसू येतं, पण आईवडील मुलांवर अवलंबून आहेत हे घरात रोज दिसतंच, ते शाळेने कशाला अजून पक्कं करायचं? शाळेकडे दुभाषी मागता येतो हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि आम्ही सभेला येत नाही म्हणजे आम्हाला काळजी नाही असं नसतं. आम्ही जिथे वाढलो तिथे शाळेने बोलावलं म्हणजे पोराने काहीतरी केलंय, असाच अर्थ होता. एकदा तरी चांगलं काही सांगायला फोन करा. धाकट्याच्या एका सरांनी केला होता, त्यानंतर मी प्रत्येक सभेला गेले.

---

शेवटचा बाक

+१. 'सगळं ठीक आहे म्हणतात' हे भाषांतर मीही पुष्कळदा केलंय :)

---

बीजगणित

मोबाईलवरच्या भाषांतराचं तुम्ही लोक काय करता? आमच्याकडे फोन बंद असा नियम आहे. मी नवीन मुलांना शब्द शोधण्यापुरती सूट मागून घेतली, पण आता काही जण सगळं उत्तरच तिकडून छापून आणतात.

---

रसायनी

समजून घेण्यासाठी चालेल, सोपवण्यासाठी नाही, असं मी सांगितलंय. म्हणजे प्रश्न, धडा, सूचना यांचं भाषांतर बिनधास्त करा. उत्तर मात्र मोडक्या वाक्यांत का होईना, स्वतःचं. आणि त्या मोडक्या वाक्यांना मी जपते, म्हणजे विज्ञानाचे गुण विज्ञानाला. 'आम्ल जास्त, बुडबुडा जास्त, कण टक्कर जास्त' असं लिहिलं तरी त्याला कळलंय, पूर्ण गुण. भाषेची दुरुस्ती मी एका वेळी एकाच प्रकारच्या चुकीची करते. पान लाल करून दिलं की मूल पुढच्या वेळी फक्त खात्रीची चार वाक्यं लिहितं. मग छापून आणायचा मोहही वाढतोच. बोर्डाच्या परीक्षेत हे लाड नाहीत, हे मान्य. म्हणून शेवटच्या वर्षी जुने पेपर वेळ लावून सोडवून घेते.

---

तिरकस

शेवटचा प्रश्न, मग मी गप्प बसतो. तुम्ही सगळे ज्या मुलांबद्दल बोलताय ती आधी शाळेत नीट शिकलेली आहेत. यंदा माझ्याकडे एक मुलगा आहे, युद्धामुळे काही वर्षं शाळाच नाही. वय १६, वाचन त्याच्या स्वतःच्या भाषेतही अडखळत. त्याला ना माझा तास झेपतो, ना भाषेचा जादा तास. काहींचं म्हणणं, विशेष शिक्षणाच्या वर्गात पाठवा.

---

मृदगंध

थांबा, तिकडे घाईने पाठवू नका. अक्षमता असू शकते, नाही असं नाही. पण न येणाऱ्या भाषेत घेतलेल्या चाचणीवरून ते ठरवता येत नाही. त्याच्या भाषेत बोलणाऱ्या माणसाकडून तपासणी करून घ्या. आधी शाळेत किती गेला, कुठे थांबला, घरी कोण वाचायचं, हे विचारा. शाळा न मिळणं आणि शिकता न येणं यांत फार अंतर आहे.

तोवर दोन गोष्टी. त्याला शाळेत वावरायचं कसं तेच माहीत नसेल. वेळापत्रक वाचणं, कुठला कागद कुठल्या फाइलला लावायचा, समासात काय लिहायचं, न कळल्यास हात वर करून थांबवता येतं. हे कुणीतरी बसून शिकवावं लागतं, ते आपसूक येत नाही. आणि वाचायला बालवाडीची चित्रांची पुस्तकं देऊ नका. त्याने कदाचित कुटुंबाला सीमा ओलांडून आणलंय, ससा-कासव त्याच्या हातात देऊ नये. सोपी वाक्यं, पण मोठ्यांचे विषय: यंत्रं, खेळ, बातम्या, कामाच्या जागचे फलक. तुमच्या तासाला त्याची तोंडी परीक्षा घेता येते का बघा.

तुमचा विषय कोणता आहे, तिरकस?

---

तिरकस

भूगोल.

---

मृदगंध

मग सोपं आहे की. नकाशापासून सुरू करा, पण त्याला त्याच्या देशाचा विचारू नका :) शाळेच्या आवाराचा काढायला सांगा. दिशा, प्रमाण, सूची, सगळं त्यात येतं. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते, आमच्या इथे वापरतो ती पहिल्या महिन्याची पानं पाठवते.